दादाचं सपाट मैदान

आमच्या दादाचं मैदान ताटासारखं सपाट असायचं, असं लोक अजून सांगतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घोडेस्वारीच्या शाळेत दादानं बावीस वर्षं मैदान राखलं. मी तिथंच पागेत, खरारा करायचा, लीद काढायची. मैदान एक आणि स्वारांच्या तऱ्हा तीन. घोड्याला तालात पावलं टाकायला शिकवणाऱ्यांना जमीन घट्ट, एकसारखी हवी. उड्या मारणाऱ्यांना खुराला पकड हवी, पण उतरताना पायाला हिसका नको. आणि भरधाव येऊन घसरत थांबणाऱ्यांना वर भुसभुशीत वाळू, खाली टणक थर. म्हणजे एकाला हवं ते दुसऱ्याला नको! दादा उजाडताच पाणी मारायचा, कधी रोलर फिरवायचा, कधी फणी ओढून वाळू मोकळी करायचा. मग लोखंडी सळई जागोजागी खुपसून खोली बघायचा. वहिनी म्हणायची, ही वाळू माझी सवत आहे.

त्याचा एक नियम होता. उडीचा अडथळा दर दोन दिवसांनी हलवायचाच. घोडे रोज एकाच जागी उतरले, की वाळूखालचा खडीचा थर फुटतो. पण मालकांनी पाहुण्यांसाठी काचेची गॅलरी बांधली आणि मोठा अडथळा कायम तिच्यासमोर हवा म्हणून हट्ट धरला. दादानं दोनदा सांगून बघितलं, मग मान डोलावली. तीन महिन्यांत तिथं परातीएवढा खड्डा पडला. तो नीट करायचा तर दोन दिवस मैदान बंद ठेवून, वाळू उपसून, खडी ठोकून बसवावी लागते. मालक म्हणाले, स्पर्धा झाल्यावर बघू. इथवर दोष त्यांचा. पुढचा आमच्या घरचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गॅलरीतला एक पाहुणा खड्ड्याकडे बोट दाखवून हसला. दादाच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं घमेल्यानं वाळू आणून खड्डा भरला, पाणी शिंपडलं, गुडघ्यांवर बसून लाकडी पट्टी फिरवली. मी दारात म्हातारीला धरून उभी होते. म्हातारी म्हणजे आमची करडी घोडी. शाळेतली निम्मी पोरं तिच्या पाठीवर शिकली. आणि मी बया, कौतुकानं म्हणाले, "वा दादा! ओळखूसुद्धा येत नाही."

तो खूश झाला. खड्डा उघडा राहिला असता तर कुणीही शहाण्यानं अडथळा हलवायला लावला असता. त्यानं तो इतका सुबक बुजवला, की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं झकास उडी मारली आणि तिथंच उतरली. पुढचा पाय आत गेला, बाहेर आला तो लोंबकळतच. वर बसलेली मुलगी वाळूत पडून वाचली. डॉक्टरांनी पाय चाचपला आणि पडदा धरायला सांगितला. कायमची झोपवायची सुई टोचली तेव्हा म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती माझा खिसा हुंगत होती. रोज त्यात गाजर असायचं, त्या दिवशी गडबडीत राहिलं.

स्पर्धेचे तपासनीस आले. त्यांनी लांब पट्टी टेकवून बघितली. खुराचा एक खोल ठसा सोडला तर कुठं उंच नाही, सखल नाही. मालक दादाकडे वळले. "मैदान सपाट होतं ना?"

"होतं," दादा म्हणाला.

सळई त्याच्या हातात होती. त्यानं ती खुपसली नाही आणि तपासनिसांनी मागितली नाही. कागदावर लिहिलं गेलं की घोडी वयस्कर होती, पाय कमजोर होते. खोटारडे मेले! त्याच पायांना मी रोज सकाळी मालिश करत होते.

घरी मी दादाला नाही नाही ते बोलले. वहिनी मध्ये पडली तरी थांबले नाही. तो हात धूत राहिला. म्हणाला, "मी खोटं काय बोललो?"

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्यानं मात्र मला एका शब्दानं दुखावलं नाही. मी दारात उभी राहून काय म्हणाले होते, ते त्याला आठवत असणारच. त्यानं ते कधी काढलं नाही आणि मीही अजून कुणाला सांगितलेलं नाही.