दूध तापेपर्यंतचा सूर

रोज सकाळी सासूबाई दूध गॅसवर ठेवायच्या आणि तोंड मिटून एक खालचा सूर धरायच्या. साय थरथरली की गॅस बंद, सूरही बंद. दूध कधी उतू गेलं नाही. मुलगा अंथरुणातूनच म्हणायचा, भोंगा झाला, उठा आता.

सुनेला सुरुवातीला हे विचित्र वाटे. मग एकदा भांडी विसळताना तिनेही नकळत तोच सूर लावला. सासूबाईंनी वळून पाहिलं. "आवाज आहे की तुला. मग माझ्याशी भांडत का नाहीस?" त्याच आठवड्यात त्यांनी तिला समूहगायनाच्या तालमीला नेलं आणि आपल्या शेजारी उभं केलं.

सासूबाईंचा दिवस लॉण्ड्रीत, वाफेच्या इस्त्रीपुढे जायचा. संध्याकाळी त्या शाळेच्या हॉलमध्ये, बायकांच्या खालच्या आवाजांच्या रांगेत असायच्या. चाल वरच्या आवाजांकडे असे. खालच्यांनी एकेक सूर धरून ठेवायचा, वरच्यांनी त्यावर मिरवायचं. "आपण म्हणजे परकराची नाडी," त्या सुनेला म्हणायच्या. "दिसत नाही, पण सुटली की सगळ्यांना कळते."

सूर लांब असला की रांगेत एक रीत होती. शेजारशेजारच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीने घेतला की दुसरीने आपला राखायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, या बायकांना श्वास लागतच नाही. सून सासूबाईंचा श्वास कानांनी ओळखायला शिकली. घरात दोघींचं फारसं बोलणं नसे. हे मात्र पक्कं जमलं.

त्या वर्षी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाने त्यांना एका सिम्फनीसाठी बोलावलं. शेवटच्या भागात समूह उभा राहून गाणार होता. सासूबाईंनी आयुष्यभर या बोलावण्याची वाट पाहिली होती. आणि त्याच हिवाळ्यात त्यांचा दम तुटू लागला. सकाळचा सूर साय धरायच्या आधीच संपायचा. मग त्या पातेल्याकडे नुसत्याच बघत राहायच्या.

तालीम घेणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना बजावलं होतं, की ज्यांना झेपणार नाही त्यांनी आधीच सांगावं, ऐन वेळी सूर फाटायला नको. घरी परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मास्तरांपाशी तोंड उघडलंस तर याद राख."

सुनेने तोंड उघडलं नाही. पण त्यांच्या वाट्याचा सूरही ती आपल्याच छातीतून ओढू लागली. सासूबाई अर्ध्यात थांबल्या की ही आवाज वाढवायची. त्यांना ते कळतंय, हे तिला कळत नव्हतं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. वाद्यं जुळवून झाली, सिम्फनी सुरू झाली. बराच वेळ समूह मागे नुसता बसून होता. मग सगळे उठले. शेवटी तो लांब सूर आला, पितळी वाद्यांच्या खालून जाणारा. ठरलं होतं, की सासूबाई आधी श्वास घेतील, सून नंतर. सुनेचं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. आता अडखळतील, मग अडखळतील, या काळजीने तिने सुरुवातीलाच जोर लावला आणि तिचाच श्वास संपला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

सासूबाईंची श्वासाची जागा आली. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि श्वास घेतला नाही. कोपराने तिला हलकंच ढोसलं. सुनेने श्वास घेतला. तेवढा वेळ तो सूर त्यांच्या एकटीच्या आवाजावर होता, बारीक, पण सरळ. सून परत सुरात आली, तेव्हाच त्यांनी सोडला आणि खांदे वर करून हवा ओढली. हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत त्या बराच वेळ टेकून बसल्या. म्हणाल्या, "माझं तू ओढत होतीस ना इतके दिवस? शहाणी कुठली. आपलं आधी बघायचं असतं." मग उठून आपली गाण्यांची काळी फाइल स्वतःच मास्तरांकडे देऊन आल्या. मास्तर काय म्हणाले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यानंतरही सकाळचं दूध त्याच तापवायच्या. सूर जमेल तेवढाच, उरलेला आतल्या खोलीतून सून पुरा करी. पुढच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढली.

"दूध तू बघ गं आज," त्या म्हणाल्या. "मी जरा बसते."