पहिला घास

शेवटच्या तापात अक्का एकच विचारत होती, "केदारखेड्याहून कोणी आलं का?" मी म्हणायचे, येतील... तिच्या माहेरचं कोणी आलं नाही. तिला जाऊन आता काही महिने झाले.

अक्का माझी थोरली जाऊ. मस्तगडाजवळचं आमचं शिंदीचं दुकान आजेसासऱ्यांपासूनचं. ताजी शिंदी, ज्वारीची भाकरी आणि अक्काच्या हातचं मटणाचं कालवण. हमाल, विणकर, शिपाई, सगळे एकाच ओट्यावर बसत. घरची रीत अशी, की मालात खोट नाही हे दाखवायला पहिला घोट आणि पहिला घास घरच्या माणसानं गिऱ्हाइकांसमोर घ्यायचा. तो मान अक्काचा. मी कायम दाराआड.

"अक्का, चाखता चाखताच मडकं रिकामं करताल तुमी," एखादा म्हणायचा.

"करीन की. तुझी बायको दुवा देईल मला."

मग शिंदीवरच्या करातून येणारं संस्थानच्या सरकारचं उत्पन्न बुडवायला चळवळीतली पोरं गावोगावची शिंदीची झाडं तोडू लागली. ज्या झाडांवर आमचं दुकान चालायचं, ती केदारखेड्याची झाडं अक्काच्याच धाकट्या भावानं, नारायणनं तोडली. थोरले भाऊजी, म्हणजे अक्काचे मालक, तिला म्हणाले, "तुझ्या भावानं आमच्या पोटावर कुऱ्हाड घातली." नारायण शेतातल्या खोपीत लपतो, हे अक्का घरात भाऊजींपुढं बोलून गेली होती. थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं...

अक्का कालवणाचं भांडं घेऊन माहेरी गेली. मी सोबत होते. अंगणात सगळ्यांदेखत तिनं पहिला घास घेतला आणि भांडं भावजयीपुढं सरकवलं. भावजय म्हणाली, "तुमचा घास झाला न्हवं वन्सं? मंग भांडं घेऊन जावा." बैलगाडीत अक्का एवढंच बोलली, "मी न्हाई सांगितलं गं."

ती गेल्यावर संस्थानचं राज्य गेलं आणि नारायण सुटून आला. ओट्यावर बसला. मी ताट वाढलं, पण तो खाईना. भाऊजींकडं बघत म्हणाला, "आदी घरच्यानं घ्यावा लागतो ना घास?" भाऊजींनी मान वर केली नाही. मग मीच पदर सावरून पुढं झाले. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "अक्कानं न्हाई सांगितलं, दादा." तेव्हा कुठं त्यानं ताटाला हात लावला.

अक्काचा मातीचा पेला कोनाड्यात पालथा आहे. शिंदी आता येत नाही, भाकरी-कालवण चालू आहे. पहिला घास मी घेते, सगळ्यांसमोर. तेवढ्या वेळात भाऊजी उठून परसात जातात.