रेजिनाआंटीची वीट

रेजिनाआंटी दरवर्षी ईस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला जायची, ती शेजाऱ्यांची पापं घेऊन. मरोळच्या गावठाणात तिचं कौलारू घर आमच्या गॅलरीच्या अगदी खाली होतं. परत आली की सगळा वृत्तांत ती अंगणातूनच द्यायची, त्यामुळे देवाच्या बरोबरीने आमच्या सोसायटीलाही तो मिळत असे.

"फादर बोल्ला, रेजिना, तुजी पापं सांग. मी बोल्ले, मना टाइम कुटं गावतो पाप कराला? जावेची सांगते, ती भरपूर हायत!"

जाऊ म्हणजे समोरच्या घरातली फिलोमिना. ती उन्हाळ्यात बाटलीचा मसाला, म्हणजे बाटल्यांत वर्षभर टिकणारं लाल तिखट, कुटून विकायची आणि अख्खं गावठाण तिचंच गुणगान गायचं. रेजिनाआंटीला ते सोसवेना. तिने उठवलं की फिलू मसाल्यात विटेची भुकटी घालते. गिऱ्हाईक तुटलं, फिलूने उखळ पालथं घातलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे एकमेकींशी. एकमेकींबद्दल अखंड चालू होतं.

मग चर्चमध्ये नवा, तरुण फादर आला. त्या वर्षी रेजिनाआंटी कुमसाराहून आली ती गप्पच. आईने वरून विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"पकडला मना त्यानं. बोल्ला, वीट तू डोल्यांनी बगितली? मी बोल्ले, नाय. कुनाकुनाला सांगितलंस? मी बोल्ले, गावाला. तर बोल्ला, मंग गावालाच सांग खोटं होतं म्हनून, मंग ये माफीला. दाढी पन नीट फुटली नाय गो त्याला!"

तिने फादरला यथेच्छ शिव्या घातल्या. पण जेवण जाईना, झोप येईना. "उद्या मेले तर देवाला काय सांगू?" म्हणून ती आईजवळ खरोखर रडली. तिच्यावर हसायची आम्हाला सवय, पण त्या दिवशी आमचेही डोळे भरले.

ईस्टरच्या आदल्या सकाळी ती गावठाणातल्या क्रुसापाशी उभी राहिली. "ऐका रे गाववाल्यांनो! फिलूच्या मसाल्यात वीट नाय. मी खोटं बोल्ले!" एवढ्यावर थांबेल तर ती रेजिनाआंटी कसली. "पन मिरची भाजताना जाळते, ते मातर खरं हाय!"

खिडकीतून फिलू ओरडली, "तुजी जीब जाळ आदी!"

त्या मे महिन्यात फिलूचं उखळ सुलटं झालं आणि रेजिनाआंटीही मुसळ घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. एका उखळात दोन मुसळं चालवायची तर एकीचं वर जाईपर्यंत दुसरीने थांबावं लागतं. त्या दोघी थांबायला शिकल्या, आणि आमची सोसायटी शिंकायला.

गेल्या वर्षी रेजिनाआंटी गेली. मातीहून परतताना फिलू पहिल्यांदाच आमचा जिना चढून आली आणि आईसमोर मटकन बसली.

"ती खरं बोल्लेली गो. त्या साली मिरची फिकी निगाली, मी रंगाला वीट घातलेली. तिला म्हाईत नवतं, जळून बोल्ली नि बरोबर निगालं. आनि मी तिला गावासमोर माफी मागू दिली."

"तिला सांगितलं नाहीस?"

"रोज सांगनार होते. कुटताना ती हसायची, मंग तोंडच उगडायचं नाय."

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर फिलू क्रुसापाशी, रेजिनाआंटीच्याच जागी उभी राहिली. "ऐका रे गाववाल्यांनो! रेजिना खोटं नाय बोल्ली. वीट होती!"

फिलूने डोळे पुसले, रेजिनाआंटीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पन मिरची मी जाळत नाय. ते मातर तिचं खोटंच हाय."