आमचं गाव बिनविरोध झालं

मंडळी, मी नाशिकला राहतो, पण माझं मत अजून गावातच आहे. सरपंचपदाचे अर्ज मागे घ्यायचा आज शेवटचा दिवस होता, म्हणून सकाळी गावी गेलो. आमच्या काकूने अर्ज भरला होता. ती शेवंती पिकवते, स्वतः मार्केटला नेऊन विकते, कुणाला भीत नाही.

खंडोबाच्या देवळात बैठक बसली. कुणी आवाज चढवला नाही, उलट सगळ्यांना चहा दिला. मग जुने सरपंच ताटात बेलभंडारा घेऊन आले.

"गावात भांडणं नकोत. आमचा पोरगा बिनविरोध होऊ द्या. उचला आन शपथ घ्या."

एकेकाने उचलला. काकू म्हणाली, "मी नाय उचलणार. लोकांना मत देऊ द्या."

सरपंच हसले. "वहिनी, तुमच्या मळ्याची वाट कुणाच्या रानातून जाती?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी तर आधीच उचलला होता.

दुपारी तिने अर्ज मागे घेतला. आता मतदानच होणार नाही.

बोटाला शाई लागायची होती, लागला भंडारा. तीनदा हात धुतले, पिवळेपणा जात नाही.

तुमच्यापुढे ताट आलं तर काय कराल? आत्ताच ठरवून ठेवा. तिथे विचार करायला कुणी वेळ देत नाही.