जहाजावरचे भाऊबंद

आमच्या नवलला जहाजं दुरुस्त करायला बोलावतात, हे खानदेशात कुणाला सांगून पटत नाही. आणि सांगावं मला लागतं, कारण तो माझा चुलतभाऊ, आणि स्वतः कधी घरी सापडत नाही. माझं दोंडाईच्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींवरच्या मोटारी माझ्या जिवावर चालतात. पण गिऱ्हाईक दुकानात येतं, जळकी मोटार खाली ठेवतं आणि विचारतं, "जीवरामभाऊ, नवल कोठे शे आते?" मोटारीचं नंतर.

नवल राहतो धुळ्याला, देवपुरात. तिथून समुद्र केवढा लांब. आमची पांझरा नदी तर वर्षातले बरेच महिने चपला हातात न घेताही ओलांडता येते. नवलला पोहता येत नाही. धुळे-साक्री एसटीत त्याला खिडकीची जागा लागते आणि सगळ्यांना माहीत आहे की ती हवेसाठी लागत नाही. असा माणूस जहाजवाला झाला, याला काय म्हणावं?

गावातल्या रुपचंद आबांनी त्याला एकदा चारचौघांत विचारलं, "नवल, इतलं मोठं जहाज तू धुयाले कसं आनस रे?"

"आबा, जहाज येत नही. मीच जास."

आबांचा चेहरा पडला. त्यांना वाटत होतं, हायवेवरून धुळ्याला येत असेल कधीतरी, आपल्यालाही बघायला मिळेल.

काम असं आहे. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट नावाचा वाकडातिकडा पोलादी दांडा असतो. तेल कमी पडलं की तो खरवडला जातो. बाहेर काढून कारखान्यात न्यायचा म्हटलं तर जहाज फाडावं लागेल. म्हणून नवल आपली यंत्रं लाकडी पेट्यांत भरून तिथे जातो, इंजिनाच्या आत आडवा शिरतो, दांडा आहे तिथेच ठेवतो आणि त्याच्याभोवती घासायचा दगड फिरवतो. हात जागेवर, बांगडी फिरते, तसं. थोडं घासायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं, मापायचं, मग परत थोडं. घाई केली की दांडा गेला.

दोंडाईच्याच्या सोहनलालजींच्या तेलमिलचा शाफ्ट त्याने असाच जागेवर घासून दिला होता. सोहनलालजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, किती काढलंस? नवल म्हणाला, केसापेक्षा कमी. सोहनलालजी त्या पेट्यांकडे, चौघा हमालांकडे आणि परत शाफ्टकडे बघत राहिले. एवढंसंच काढायचं होतं तर आमच्या मुनीमजींनी कानशीने काढलं असतं, असं त्यांचं मत पडलं.

या धंद्याने नवलचा स्वभाव मात्र पार कामातून गेला. मुलगी बघायला गेला तेव्हा होकार न देता परत आला आणि आठवड्याने पुन्हा गेला. का, तर म्हणे पहिलं माप गरम असतं, त्यावर भरवसा ठेवू नये. रूपावहिनी हे अजून प्रत्येक भांडणात काढते. दुसरं म्हणजे त्याला खोटं बोलता येत नाही. भाजी कशी झाली विचारलं तर झाली तशी सांगतो. असा माणूस घरात असण्यापेक्षा समुद्रात असलेला बरा, असं वहिनीही म्हणत असेल.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. आमच्या घरात ही मूठ टाकायचा मान नवलच्या आईचा, म्हणजे माझ्या भिकुबाई काकूचा. ती नाव घेते, मूठ टाकते. आत्ता जन्मलेल्या पोराचीही मूठ पडते. मूठ बंद होते ती फक्त माणूस गेला की. आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचे.

नवल सलग तीन वर्षं कानबाईला आला नाही. कधी कांडला, कधी कोची. त्याच्या वाट्याचे रोट मी खाल्ले. भाऊ आहे, कर्तव्य आहे. खाताना मी काकूला ऐकवायचोही, की बघ काकू, जहाजं त्याची आणि पोट माझं. काकू हसायची नाही.

चौथ्या वर्षी तिने फोनवर त्याला सांगितलं, "औंदा येशी तं मूठ टाकसू. नही येशी तं नही."

नवल घाबरला. घाबरण्यासारखंच होतं ते. जिवंत माणसाची मूठ बंद झालेली आमच्या खानदानात कुणी ऐकली नव्हती. "येसू माय, नक्की येसू," तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या बंदराबाहेर उभ्या असलेल्या एका जहाजावर गेला. जनरेटरच्या इंजिनाचा दांडा खरवडला होता. शुक्रवारी संपवून निघायचा त्याचा बेत होता.

काम शुक्रवारी संपत आलं, पण समुद्र बिघडला. माणसं ने-आण करणारी छोटी बोट जहाजाला लागेना. आमच्या नवलला कुणी सांगितलं नव्हतं का, की नारळी पौर्णिमेआधी कोळीसुद्धा पाण्यात उतरत नाहीत? पण ज्याला एसटीत मळमळतं त्याला समुद्राचं काय कळणार.

शनिवारी घरात सगळे जमलो. काकू सूप घेऊन बसली. एकेकाचं नाव घेऊन मूठ पडू लागली. माझी पडली, माझ्या पोरांची पडली. नवलच्या नावाशी काकूचा हात थांबला. तेवढ्यात रूपावहिनीने मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर नवल, आणि त्याच्यामागे सगळं हलत होतं.

"कोठे शे तू?"

"माय, जहाजवरच शे. बोट येत नही. पानी लई वर-खाले व्हई राहिनं."

काकूची मूठ तशीच गव्हात. माझी आई बेबाबाई हळूच म्हणाली, टाकी दे माय, पोऱ्या जिता शे. काकूने ऐकलं नाही. नवलचा चेहरा एवढासा झाला होता. मला त्याचा राग यायचा तो सगळा त्या क्षणी विरघळला. वाटलं, माझी मूठ अर्धी त्याला द्यावी.

"माय," नवल म्हणाला, "आठे पीठ शे. तू नाव ले, मी आठे मूठ टाकस. माना रोट मी आठेच खाई लेस."

काकूने बराच विचार केला. मग म्हणाली, "तुना हात दखाड."

नवलने हात दाखवला. कोपरापर्यंत काळं तेल.

"धुई ये."

तो धुऊन आला. जहाजाच्या स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यापुढे उभा राहिला. काकूने इथे नाव घेतलं आणि त्याने तिथे मूठ टाकली. वरची पाव मूठ घेताना त्याने दोनदा परत ओतली. पाव म्हणजे पावच. काकूने डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या नावाकडे वळली. मीही नाक पुसलं. सर्दी नव्हती.

इथपर्यंत ठीक होतं. पण नवल शेवटचं माप घ्यायला परत इंजिनात शिरला, आणि रोटाचं काम त्याने त्या जहाजाच्या आचाऱ्यावर सोपवलं. आचारी फिलिपिन्सचा, रोहेलियो नावाचा, भला माणूस. पाहुण्याचा सण आहे एवढं त्याला समजलं. त्याच्या गावी सण म्हणजे सगळ्यांनी जेवायचं. त्याने नवलच्या पिठात पोत्यातलं आणखी पीठ ओतलं, मळलं, भाजलं, लोणी लावलं आणि घंटा वाजवली. नवल मापून वर आला तोवर कप्तानापासून सफाईवाल्यापर्यंत सगळे बोटं चाटत होते. त्याच्यासाठी एक रोट झाकून ठेवला होता, तेवढी माणुसकी.

रविवारी संध्याकाळी आरती झाल्यावर काकूने फोन लावायला सांगितला. सगळं घर भोवती बसलं.

"रोट सरना का?"

"सरना, माय."

"एकलाच खादा ना?"

दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. मी तर नक्कीच म्हणालो असतो. नवलने झालं तसं सांगितलं. कोणी खाल्ला, किती जणांनी खाल्ला, लोणी लावून खाल्ला, सगळं.

माझी आई म्हणाली, "परका मानसंसनी कानबाईना रोट खादा. आते कसं व्हई?" एकजण प्रायश्चित्ताचं बोलू लागला. मी काकूकडे बघत होतो. ती कानबाई म्हणून बसवलेल्या नारळाकडे बघत होती.

"त्यासले गोड लागना का?" तिने विचारलं.

"लागना, माय. पन जरासा जाड व्हता."

काकूने मान हलवली. "कानबाईना रोट भाऊबंदच खातस. त्यासनी खादा ना? मंग त्या भाऊबंद व्हयनात."

एवढं बोलून ती जेवायला उठली. प्रायश्चित्तवाल्यालाही मग भूक लागली. बोट मिळून नवल घरी आला तेव्हा कानबाई नदीत जाऊन चार दिवस उलटले होते. काकूने त्याला काही विचारलं नाही, फक्त समोर बसवून जेवायला वाढलं. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या वर्षी नवल दोन दिवस आधीच हजर. मांडीला मांडी लावून आईजवळ बसला. त्याच्या नावाची मूठ पडली तेव्हा तो सुपाकडे असा बघत होता की पोरं हसली. सगळ्यांची नावं संपली. मी उठायला लागलो. काकूने मात्र गव्हाचं पोतं जवळ ओढलं आणि म्हणाली, "रूपा, वाच."

वहिनीने मोबाइलवरून वाचायला सुरुवात केली. कप्तान ओलेक्सांद्र. चीफ इंजिनियर थॉमस कुरियन. आचारी रोहेलियो. काकू प्रत्येक नाव आपल्या परीने घेत होती आणि सव्वा-सव्वा मूठ टाकत होती. सूप भरलं, दुसरं आणलं. एकवीस माणसं होती त्या जहाजावर.

मी परत खाली बसलो. म्हटलं, "काकू, त्या तं समुद्रमा शेत. त्यासना रोट कोन खाई?"

काकूने हात न थांबवता विचारलं, "जीवराम, तीन साल नवलना रोट कोनी खादा?"

"मी."

"मंग ह्याबी तूच खाय."

नवल सोमवारीच विशाखापट्टणमला गेला. पौर्णिमा आठवड्यावर होती. घरातले बाकीचे एक-एक तुकडा घेऊन सुटले, आणि डबा रोज माझ्या दुकानात येऊ लागला. कप्तान ओलेक्सांद्रचा रोट मी शेवटच्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ला. जरासा जाड होता.