हिंदुरावांची व्हॅन चढ चढंना

हिंदुरावांनी एकदा नळ सुरूच ठेवला आणि अंगणात तळं साचलं. त्यावरून त्यांचं आणि बायकोचं, दुर्गाबाईंचं, जे जुंपलं, ते शेजारच्या म्हातारीला भिंतीला कान न लावताही ऐकू गेलं.

"नळ कुणी सोडला?" दुर्गाबाई.

"टाकी बारकी हाय."

"बारकी हाय म्हणून नळ आपला आपण सुटतो व्हय?"

"बारकी टाकी पसंत कुणी केली, ते बोल."

माणूस वाईट नव्हता. दोष दारात आला की त्याला पाणी न विचारता शेजारी पाठवायचा, एवढंच.

कुरुळीतून चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना हिंदुराव आपल्या व्हॅनमधून ने-आण करायचे. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात ते चप्पल घालून कधी बसले नाहीत. पण इंजिन सीटखाली, पत्रा तापायचा आणि तळपायाला चटके बसायचे. म्हणून त्यांनी भंगारातून कंपनीच्या सरकत्या पट्ट्याचा जाड रबरी तुकडा आणून पायाखाली अंथरला. तिकडं निम्म्या घरांच्या उंबऱ्याशी असलेच तुकडे असतात.

तेव्हापासून गाडी पिकअप घेईना. सपाटीला कशीबशी पळायची, कंपनीअलीकडच्या चढाला धापा टाकायची. प्लग बदलले, फिल्टर झटकला, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून बघितलं. मग एका सकाळी चढाच्या पायथ्याशी ते मान न वळवता म्हणाले, "शालनबाई, तुमी जरा उतरा. वजन झेपंना गाडीला."

शालनबाई परभणीकडच्या, अंगानं भरलेल्या. डबा छातीशी धरून उतरल्या. आतून कुणीतरी बोललं, "चला, व्यायाम झाला फुकटात." व्हॅन पुढं गेली आणि त्या पदरानं घाम पुसत मागून चालत आल्या. पुढं ते रोजचंच झालं. त्यांच्या डब्यात दोन भाकरींची एक झाली. बायकांकडून कानावर आलेलं हे दुर्गाबाईंनी सांगितलं, तर हिंदुराव म्हणाले, "तब्येतीला बरंच हाय."

तरी गाडी सुधारंना. शेवटी एका संध्याकाळी बायकांसकट ती प्रितमच्या गॅरेजवर लावली. प्रितमनं शेजारची सीट उचलून आत डोकं घातलं.

"मामा, एक्सलेटर पूर्ण दाबा."

"दाबलाय की."

"हितं तर निम्मंच उघडतंय. तार बरी हाय." तो वाकून हिंदुरावांच्या पायाशी बघायला लागला, आणि त्यानं पट्टा ओढून बाहेर काढला. "आता दाबा."

पाय आणखी खाली गेला आणि इंजिन गरजलं.

"पेडल पट्ट्यावर टेकत होतं, मामा. ह्याच्यावर माल पळतो, गाडी न्हाई."

बायका हसल्या. शालनबाई हसल्या नाहीत. आरशात त्यांची नजर हिंदुरावांना भेटली, तसा हिंदुरावांनी आरसा पुसायला घेतला. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर बाहेर आलं, "पट्टा लई जाड निघाला."

दुसऱ्या दिवशी शालनबाई नाक्यावर नव्हत्या. रस्त्यानं चालत निघालेल्या दिसल्या. हिंदुरावांनी गाडी हळू केली, त्यांनी तोंड शेताकडं फिरवलं. चढ गाडीनं एका दमात काढला, आणि हिंदुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री ताटावर बसले, तर घास उतरंना.

"जेवा की," दुर्गाबाई म्हणाल्या. "का तुमचंबी वजन जास्त झालं?"

सकाळी त्यांनी व्हॅन थेट शालनबाईंच्या बोळात घातली. हॉर्न दिला नाही. अनवाणीच दारात जाऊन उभे राहिले.

"वजन तुमचं नव्हतं. पाय माझा अडत होता अन् उतरवलं तुमाला. लाज वाटती मला."

शालनबाई डब्याचं झाकण लावत होत्या. "मला रोज वाटली, भाऊ. तुम्हाला आज वाटली."

हिंदुरावांनी व्हॅनचं पुढचं दार उघडून धरलं. बऱ्याच वेळानं शालनबाई येऊन पुढं बसल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाकीच्या बायका नाक्यावर उतरायच्या आणि व्हॅन शालनबाईंच्या दारापर्यंत जायची. बोळ एवढा अरुंद, की परत येताना सगळा रिव्हर्स.

गेल्या दिवाळीच्या अलीकडं हिंदुराव झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी नाक्यावर बायका उतरवल्या, व्हॅन बोळात घातली. शालनबाई उतरल्या, कडी काढली, आत दिवा लागला. हिंदुरावांनी मान मागं वळवली आणि गाडी हळूहळू मागं घेतली.