भाजी आणायला लागतो तेवढा वेळ

पहिल्या भेटीत मृणालताईंनी नमस्काराआधी उठून दार लावले. आश्रयासाठी अर्ज करणाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या आमच्या कार्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो. "दार उघडं असलं की इथे कुणी स्वतःचं नावसुद्धा खरं सांगत नाही, सावंत," त्या म्हणाल्या. मला त्या जरा खाष्टच वाटल्या. आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि तो खाष्टपणा तसूभरही कमी झालेला नाही.

त्या दाराचे मोल कोरोनात कळले. कार्यालय बंद झाले, मुलाखती व्हिडिओवर आल्या, आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो. ताईंनी मीटिंगमध्ये एवढेच विचारले, "सिस्टीम छान आहे हो, पण ती पोरगी बोलणार कुठे?"

ती पोरगी म्हणजे आमची एक अर्जदार; शारजात अल मजाजला मामाकडे राहत होती. मायदेशात ठरवलेले लग्न तिने मोडले म्हणून तिथले लोक तिच्या जिवावर उठले होते, आणि विमाने सुरू होताच मामा तिला परत धाडणार होता. त्याआधी मुलाखत व्हायलाच हवी होती. पण सगळे कुटुंब दिवसभर घरात. ती एकटी बाहेर पडे ती फक्त भाजीसाठी.

ताई अबू धाबीत खलिफा सिटीला अडकलेल्या, त्या अमिरातीची सीमा बंद. मी मात्र अल मजाजलाच राहायचो. ताईंनी फर्मावले, "काय हवंय ते ती मला मेसेज करेल. भाजी तुम्ही आधीच घेऊन ठेवा." मग तिचा बाजाराचा वेळ माझ्या गाडीत जाई, काचा बंद करून, माझ्या फोनवर ताईंशी बोलण्यात. मी ऐकू येणार नाही इतका लांब, उन्हात उभा. मुलाखत एकाच बैठकीत व्हावी असा नियम होता. ती अशी तुकड्यातुकड्यांनी घेऊ द्यावी म्हणून ताई आमच्या साहेबांशी कडाडून भांडल्या आणि परवानगी मिळवली.

एकदा मामाच पार्किंगमध्ये उतरला. मी लगबगीने गाडीकडे गेलो. काच ठोठावली, ती पलीकडच्या दाराने पिशवी घेऊन खांबाआडून बाहेर आली.

"इतनी देर?"

"लाइन थी, मामू."

त्याने पिशवीत हात घालून पाहिले. टोमॅटो, पुदिना, सगळे होते. दोघे लिफ्टकडे गेले.

सीटवर राहिलेला चालू फोन उचलून मी काय झाले ते सांगितले. "पिशवी भरलेली होती ना? खलास. पुढचं पुढच्या वेळी," ताई म्हणाल्या, आणि मग त्या रडू लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच ऐकले.

विमाने सुरू होण्याआधी मुलाखत पुरी झाली. पुढे आश्रय मिळाला, मुलगी दुसऱ्या देशात पोचली. गाडीत ती काय बोलली, ते ताईंनी मला आजवर सांगितलेले नाही. परवा मी फक्त ती कशी आहे एवढेच विचारले.

"भाजीला एकटी जाते म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि भरपूर वेळ लावते."

ताई, आता तुम्हीही तसाच भरपूर वेळ लावा. उदंड, निरोगी आयुष्य लाभो तुम्हाला. दार लावायला आम्ही आहोत.